चॉकलेट नसलेला खोका

तामुनिंग, गुआम
रविवार, ४ डिसेंबर १९८८

प्रिय मनांग फेलिसितास,

पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. बराकीमागच्या नळावर कामाचे बूट घासले, उलटे ठेवले, आणि आता टाकीच्या कट्ट्यावर हे पत्र लिहायला बसलो आहे. नानाय आणि ताताय, आईबाप दोघांचेही हात आशीर्वादासाठी मनानेच कपाळाला लावतो. बाळीला माझा पापा.

बाप्तिस्म्याचा फोटो मिळाला. बाळीचं नाक आपल्या घरातलं नाही, हे आधी सांगतो. भावोजींनी रागावू नये. फादर डोळे मिटलेले आले आहेत, ते छान दिसतं.

पण मनांग, एक विचारायचं आहे. नानायच्या पांढऱ्या ब्लाउजवर, डाव्या बाजूला, काळ्या कापडाचा तुकडा टाचलेला दिसतो. आधी वाटलं, फोटोवर डाग असेल. ओल्या अंगठ्याने पुसून पाहिलं, गेला नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर जो तुकडा छातीशी लावतात, तसाच तो आहे. मी भिंग मागून आणलं. टाचणीसुद्धा दिसते.

फोटोत तू आहेस, भावोजी आहेत, बाळी आहे, नानाय आहे. ताताय नाहीत. पहिल्या नातीच्या बाप्तिस्म्याला ताताय नाहीत, हे मला पटत नाही. तूच सांग, ते कोंबडे झुंजवायला गेले असतील तरी त्या दिवशी परत येतील की नाही?

माझ्या खोलीत नोंग बेनिंग म्हणून आकलानचे एक वयस्कर सुतार आहेत. त्यांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "घरचे लोक परदेशातल्या माणसाला मरण कधी कळवतात का? माझी सासू गेली ते मला दीड वर्षाने कळलं. दर खोक्यात तिच्या नावाचा साबण पाठवत होतो. बायकोने लिहिलं, आता साबण जरा कमी पाठवा."

सगळे हसले. मी हसलो नाही.

इथे सेंट्रिंगचं काम जोरात आहे, हॉटेलचा सहावा मजला चाललाय. माझं कंत्राट जूनपर्यंत आहे. मधेच सोडलं तर परतीचं तिकीट माझ्या खिशातून, आणि ही कंपनी पुन्हा बोलावणार नाही. हे तुला ठाऊक आहेच. तरी लिहितो, कारण त्यासाठीच माझ्यापासून काही लपवलं जात असेल तर लपवू नकोस. धाकट्या भावाने मोठ्या बहिणीला सरळ विचारलं तर तिने सरळ सांगावं. ताताय कुठे आहेत?

जुलैत पाठवलेल्या खोक्याबद्दलही तू काही लिहिलं नाहीस. माझे शर्ट तातायना बसले का?

तुझा,
एलिसेओ


तिबियाव, आंतीके
२० डिसेंबर १९८८

प्रिय तोतो,

तुझं पत्र आलं. भिंगातून आईचा ब्लाउज बघणारा मुलगा अख्ख्या प्रांतात दुसरा नसेल. शाळेतही तू असाच होतास. बाईंनी फळ्यावर काढलेली रेघ वाकडी आहे म्हणून उभा राहायचास, मग सहावीत शाळा सोडलीस तेव्हा बाईच जास्त रडल्या.

ते काळं काही नाही. ब्लाउजचं बटण तुटलं होतं, घाईत हाताला लागला तो तुकडा लावला. एवढंच.

नानाय बरी आहे. गुडघा दुखतो, पण नाताळच्या आधीच्या पहाटेच्या नऊही प्रार्थनांना ती चालत जाणार म्हणते. आतापर्यंत पाच झाल्या.

तातायची तू काळजीच करू नकोस. ते मजेत आहेत. आता त्यांच्यामागे कसली दगदग नाही, कुणाशी वाद नाही. त्यांचा विचार करून तू जेवण टाकू नकोस. त्यांना ते आवडलं नसतं.

खोका मिळाला. शर्ट छान आहेत.

तू कंत्राट पूर्ण कर. मधे येण्याचं मनातसुद्धा आणू नकोस. घरच्या सगळ्यांचं हेच म्हणणं आहे.

नाताळच्या शुभेच्छा. डुकराचं मटण खा, उगाच पैसे वाचवू नकोस.

तुझी,
मनांग


तामुनिंग, गुआम
रविवार, ८ जानेवारी १९८९

प्रिय मनांग,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. मी ते चार वेळा वाचलं.

तू शिवणकाम करतेस. आपल्या घरात डब्बा भरून बटणं आहेत. पांढऱ्या ब्लाउजला बटण तुटलं म्हणून कुठली शिंपीण काळी चिंधी टाचेल? आणि ती बटणाच्या रांगेत नाही, चार बोटं बाजूला आहे.

"आता त्यांच्यामागे कसली दगदग नाही." "त्यांना ते आवडलं नसतं." मनांग, जिवंत माणसाबद्दल असं कुणी लिहितं का?

मी नोंग बेनिंगना पत्र वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराकीत बिछान्याजवळ मेणबत्ती लावू देत नाहीत, आगीची भीती. म्हणून इलोइलोच्या एका पोराने टॉर्च उभा करून ठेवला. सगळ्यांनी मिळून माळेची प्रार्थना म्हटली. मला नीट म्हणता आली नाही.

मला सारखं एकच आठवतं. मी निघालो तेव्हा ताताय बसपर्यंत आले होते. दरवर्षी नेग्रोसला ऊस तोडायला जाऊन त्यांची पाठ कामातून गेली होती. मी म्हणालो, "ताताय, आता कोयत्याला हात लावायचा नाही. मी आहे." ते म्हणाले, "बस सुटेल, बडबड कमी कर." हे शेवटचं बोलणं.

आज ऑफिस बंद आहे. उद्या सकाळी हजेरीबाबूंना राजीनामा देणार आहे. ३१ जानेवारीचं विमान मिळतं असं कळलंय. तिकिटासाठी तीस डॉलर आगाऊ भरावे लागतात, ते भरतो. कंपनी पुन्हा बोलावणार नाही हे मला मान्य आहे. बाप गेला आणि मुलगा फळ्या ठोकत बसला, असं नानायने कुणाकडून ऐकायला नको.

एवढं कर, मला न आवडणारं उत्तर असलं तरी कळव: ते केव्हा गेले, आणि कशाने. थडग्यावर चुना मारायचं काम माझ्यासाठी ठेव.

एलिसेओ


तार
सान होसे, आंतीके, २३ जानेवारी १९८९

ताताय जिवंत. कुणीही मेलेलं नाही. निघू नकोस. पत्र येत आहे. गाढव. फेलिसितास


तिबियाव, आंतीके
२३ जानेवारी १९८९, संध्याकाळ

तोतो,

तार करायला बसने सान होसेला जाऊन आले, पाय अजून धुतलेले नाहीत. तारबाबू म्हणाला, "बाई, शेवटचा शब्द काढला तर पैसे वाचतील." मी म्हटलं, तो आधी लिहा.

आता सगळं सांगते. नानायने सांगू नको म्हटलंय, तातायनी सांगू नको म्हटलंय, गावच्या प्रार्थना सांगणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या लोला इपायने तर दोन्ही हात जोडून सांगितलंय. पण तू टॉर्चसमोर तातायसाठी प्रार्थना म्हटलीस हे वाचल्यावर मी कुणाचं ऐकणार नाही.

ती काळी चिंधी तातायसाठी नाही. ती तुझ्यासाठी आहे.

सप्टेंबरच्या तीन तारखेला तुझा खोका आला. शेजारीपाजारी जमले, पोरं अंगणात उड्या मारायला लागली. तातायनी सुरीने दोरी कापली. वर तुझा निळा शर्ट. धुतलेला, इस्त्री केलेला. खाली आणखी शर्ट, तुझ्या पँटी, तुझे जुने बूट, तुझा पट्टा, तुझी बायबलची छोटी प्रत. ताताय खालपर्यंत गेले. चॉकलेट नाही. साबण नाही, डबाबंद मांस नाही, नानायला टॉवेल नाही. पत्र नाही.

तोतो, तुला आठवत नाही का, पलीकडच्या वस्तीतल्या नोनाचा खोका सौदीहून कसा आला होता? असाच. माणसाचे स्वतःचे कपडे, घडी घातलेले, आणि बाकी काही नाही. पाठोपाठ शवपेटी. आपल्या गावात परदेशातून चॉकलेट नसलेला खोका दुसऱ्या कशासाठी येतो?

पोरांना कुणीतरी बाहेर नेलं. नानायने निळा शर्ट नाकाशी धरला, त्याला नुसता साबणाचा वास. तिथे तिचा धीर सुटला.

गावच्या कापितानने तुझ्या बराकीच्या पत्त्यावर तार केली. उत्तर नाही. तुम्ही ऑगस्टमध्ये बराक बदललीत ते आम्हाला नंतर कळलं. तुझी पेटी येईल म्हणून वाट पाहायची तरी किती? लोला इपाय म्हणाली, देह नसला तरी आत्म्याने कुठे थांबायचं? नऊ दिवसांच्या प्रार्थना बसवल्या. कपाटावर तुझा सहावीतला फोटो ठेवला, दुसरा नव्हताच. लोक आले, मयताच्या घरी द्यायचे पैसे, अबुलोय, देऊन गेले, कुणी पाच, कुणी दहा, ज्याला जसं जमलं. रात्रभर जागायला पत्ते मांडले, प्रत्येक डावातून मयताच्या घरासाठी काढायची कटोतीही रिवाजाप्रमाणे आली. तुझ्याबद्दल लोक इतकं चांगलं बोलले की मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. नोंग कादियो, जो तू दगड मारून आंबे पाडतोस म्हणून तुझ्यामागे काठी घेऊन धावायचा, तो म्हणाला, "त्याने माझे आंबे कधी वाया घालवले नाहीत." आणि शंभर पेसो ठेवून गेला.

नवव्या दिवशी डुक्कर कापलं. पंगत बसली होती आणि पोस्टमन नोंग इस्तोय जेवायला आला. जेवून हात पुसला, पिशवीतून एक रजिस्टर पत्र काढलं आणि तातायना म्हणाला, "महिनाभर पोस्टात पडून आहे. तीन वेळा चिठ्ठी पाठवली, तुम्ही येत नाही. दुःखाचं घर आहे म्हणून नियम मोडून आणलंय. इथे सही करा."

तुझं अक्षर होतं.

तातायनी ते माझ्याकडे दिलं, मीच मोठ्याने वाचलं. "खोक्यात पत्र ठेवलं तर कस्टमवाले हरवतात, असं ऐकलं म्हणून हे वेगळं रजिस्टरने पाठवत आहे. मला कंपनीने नवे कपडे दिले. जुने धुऊन पाठवले आहेत, तातायना शेतात होतील. गरमीत चॉकलेट वितळतं, म्हणून ते डिसेंबरात पाठवीन. खोक्यात चॉकलेट नाही म्हणून कुणी रागावू नये."

कुणी रागावू नये!

अंगणात साठेक माणसं होती. क्षणभर कुणाला कळेना, हसायचं की काय. मग लोला इपाय मांडीवरची ताटली खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे मी नऊ दिवस कुणासाठी घसा फोडला?" आणि जे काही हसू सुटलं! नानाय हसता हसता रडत होती आणि रडता रडता पत्राला शिव्या देत होती. उरलेलं डुक्कर त्याच रात्री संपलं. दुसऱ्या आठवड्यात तुझं साधं पत्र आलं, ऑगस्टच्या शेवटी लिहिलेलं, तेव्हा पुरती खात्री पटली.

मग तुला का कळवलं नाही? लोला इपाय म्हणते, जिवंत माणसासाठी मरणाच्या प्रार्थना झाल्या हे त्याला मधे समुद्र असताना सांगू नये. तो घरी आला, जेवला, की मग सांगावं. आणि नानायने चिंधी काढायला नकार दिला. "लावली ती लावली. तो दारात उभा राहील तेव्हा त्याच्याच हाताने काढून घेईन." मी तिच्याशी भांडून थकले.

आता तातायचं. हे तुला सगळ्यात जास्त लागेल म्हणून शेवटी ठेवलं. ते नेग्रोसला आहेत. ऊसतोडीला.

अबुलोय परत करायचाच, असं त्यांनी घेतलं मनात. सगळे म्हणाले, "असू दे हो, पोरगा वाचला हेच खूप." पण कोंबड्यांच्या झुंजीला गेले की नोंग कादियो सगळ्यांसमोर विचारायचा, "काय हो, तुमच्या मेलेल्या मुलाने या महिन्यात किती पाठवले?" तो गंमतच करायचा. तातायना ती गंमत झेपेना. "जिवंत पोराच्या नावाने मढ्याचा पैसा घरात ठेवणार नाही," म्हणाले. ऑक्टोबरात मुकादमाकडून सहाशे पेसो उचल घेतली, तेवढ्याची घरं फिरून परतफेड केली, आणि कोयता घेऊन बोटीत बसले. तुझ्याकडून पैसे मागू दिले नाहीत. मला शपथ घातली की तोतोला ऊस हा शब्दही लिहायचा नाही. म्हणून मी ते "मजेत आहेत" वगैरे लिहिलं. मला लिहिता येत नाही हे मला आता कळलं.

पहिल्या दिवशी ते लोला इपायकडे पाच पेसो द्यायला गेले. तिने घेतलेच नाहीत. म्हणाली, "माझे राहू दे. आज मेला नाही म्हणून काय कधी मरणारच नाही? तेव्हा पुन्हा द्यायला नकोत."

राजीनामा दिला असशील तर परत घे. हजेरीबाबूंच्या पाया पड. मी तातायना सगळं कळवलं आहे.

तुझी,
फेलिसितास


एक मळा, नेग्रोस
२९ जानेवारी १९८९

एलिसेओ,

मी जिवंत आहे. हे मी माझ्या हाताने पेन्सिलीने लिहितोय. अक्षर ओळख. आता भिंग घेऊन बसू नकोस.

तुझ्या बहिणीने दोन पानं भरून मला झापलंय. तूही झापशील. ते झाल्यावर हे वाच.

पाठ ठीक आहे. खोटं बोलत नाही. रात्री दुखते, सकाळी ठीक असते. जेवण वाईट आहे. आमचा एक पोऱ्या गिटार वाजवतो, तेही वाईट.

तू कोयत्याला हात लावू नको म्हणाला होतास, मी ऐकलं नाही. पण तोतो, त्या नऊ दिवसांत मी रोज तुझे बूट घालून अंगणात बसायचो. बूट मला मोठे होतात. नंतर तू जिवंत निघालास तेव्हा मला वाटलं, या सगळ्या लोकांचं मी काहीतरी देणं लागतो. पैसे नव्हे. पण पैशाशिवाय कसं द्यायचं ते मला येत नाही.

मुकादमाचे अडीचशे अजून फिटायचे आहेत. तू ते भरलेस तर मी घरी जाईन. भांडणार नाही. पण अबुलोय मीच वाटणार. प्रत्येक दारात मी जाणार. माझ्या हाताने घेतला, माझ्या हाताने देणार. कादियोला सगळ्यात शेवटी, झुंजीच्या आखाड्यात, सगळ्यांसमोर.

पुढच्या खोक्यात चॉकलेट सगळ्यात वर ठेव.

तुझा बाप


तामुनिंग, गुआम
रविवार, १९ फेब्रुवारी १९८९

प्रिय मनांग,

तार २४ जानेवारीला दुपारी आली. मी सातव्या मजल्याच्या फळ्यांवर होतो. हजेरीबाबू स्वतः शिडी चढून आले. ते इलोकोसचे, एरवी पेन्सिलसुद्धा फुकट देत नाहीत. खालूनच ओरडत होते, "तुझा बाप जिवंत आहे! आणि कुणीतरी तुला गाढव म्हटलंय!" नोंग बेनिंगनी हातोडा माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "माझ्या सासूबद्दलही एकदा विचारून घे."

राजीनामा अजून खणातच होता. हजेरीबाबू म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत मी कुणाचाच वर पाठवत नाही. तुम्हा लोकांच्या घरी दर महिन्याला कुणी ना कुणी मरतं आणि परत उठतं." त्यांनी तो फाडून मला दिला. मी जूनपर्यंत इथेच आहे, आणि जूनच्या शेवटी महिनाभर घरी.

तुझं मोठं पत्र आल्यावर बराकीत ते मोठ्याने वाचावं लागलं. "कुणी रागावू नये" या वाक्याला लोक इतके हसले की शेजारच्या बराकीतून भिंत ठोकली. आता मला सगळे "मयत" म्हणतात. जेवणाच्या रांगेत म्हणतात, "मयताला आधी जाऊ द्या." मला राग येत नाही. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मी सकाळपर्यंत झोपलो. अजूनही काम करताना मधेच आठवतं की ताताय आहेत, आणि मग मी खिळा नीट धरतो.

तातायचं पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही.

चूक माझी होती, हे नानायला सांग. पत्र हरवू नये म्हणून मी इतकी काळजी घेतली की ते कुणापर्यंत पोचलंच नाही. यापुढे दर खोक्यात पत्र ठेवीन, आणि साधंही टाकीन, आणि चॉकलेट वर ठेवीन, वितळलं तर वितळलं.

सोबत पासष्ट डॉलरची मनीऑर्डर आहे. तू पत्रासोबत पाठवलेल्या अबुलोयच्या यादीवरून हिशेब खाली देतो. तू जोडून पाहा, मी तीनदा जोडलाय.

अबुलोय आला: १,३८५ पेसो.
पत्त्यांची कटोती: २४०.
एकूण: १,६२५.
तातायनी उचलीतून परत केले: ६००.
राहिले: १,०२५. त्यातले लोला इपाय यांचे ५ वजा. द्यायचे: १,०२०, तातायच्या हातात, त्यांनीच वाटायचे.
मुकादमाची बाकी: २५०.
तातायचं बोट आणि बसभाडं, घरापर्यंत: ८०.
एकूण पाठवायचे: १,३५०.
पासष्ट डॉलरचे, एकवीसच्या भावाने: १,३६५.
वरचे १५ तातायचे. इलोइलोला बोटीतून उतरल्यावर त्यांनी वाफाळत्या बाचोयचा, शेवयांच्या त्या सूपचा, मोठा वाडगा घ्यावा, अंड्यासकट. हे पैसे कुणाला परत करू नयेत.

माझा खर्च: विमानाची आगाऊ रक्कम ३० डॉलर, परत मिळत नाही. चॉकलेट १२ डॉलर. बराकीला आइस्क्रीम ९ डॉलर, मयताकडून.

देणं बाकी: लोला इपाय, ५ पेसो. त्यांना सांग, खात्यावर मांडून ठेवले आहेत, आणि फेडायची मला मुळीच घाई नाही.

तुझा,
एलिसेओ